एकदा विकलेला माल



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे वसंत ऋतू हा जसा आंब्याचा, तसा व्याख्यानांचाही मानला जातो. अशा व्यासपीठावर वेदान्त, वाङ्मय, राज्यकारभार हे विषय शोभतात. तेथे फाटक्या जोड्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु आमचे सारे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि फाटकाबाहेरच्या बैठकांत गेले आहे, आणि शाळेने जे दिले नाही ते आम्ही वाचनालयातून जमेल तसे मिळवले आहे. माणसाचा मान कोठे राखला जातो आणि कोठे जातो हे पाहावयाचे असेल तर मोठ्या शब्दांपेक्षा लहान व्यवहार पाहावेत, एवढे या शिक्षणातून आम्ही शिकलो.

आपण दुकानातून जोडा घेतो आणि आठ दिवसांत त्याचा तळ सुटतो. आपण तो घेऊन दुकानात जातो. दुकानदार मागच्या भिंतीवरील पाटीकडे बोट दाखवतो. पाटीवर लिहिलेले असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बहुतेक माणसे तेथूनच मागे फिरतात आणि कोपऱ्यावरच्या कारागिराकडून तळ शिवून घेतात. या व्यवहारात एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो असा की, माल खोटा निघाला तर त्याचे नुकसान कोणी सोसावे? करणाऱ्याने, विकणाऱ्याने, की घेणाऱ्याने? निरनिराळ्या काळांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती एकापुढे एक ठेवून पाहिली म्हणजे असे दिसते की, जो सर्वांत दुबळा त्याच्याच अंगावर खोटीचा भार ढकलण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती मोडण्याचा उद्योग त्या मानाने अगदी अलीकडचा आहे.

पहिल्याने आपले जुने ग्रंथ पाहू. घेतलेला माल परत करता येतो ही कल्पना आपणांस पाश्चात्यांनी शिकवली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. आपल्या धर्मशास्त्रात तंट्यांची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत त्यांपैकी एक ‘क्रयविक्रयानुशय’ हे आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी किंवा विक्री केल्यावर मन पालटले तर काय करावे, याचा विचार त्या प्रकरणात येतो. मनुस्मृतीने त्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही मुदत माणसाच्या धंद्याप्रमाणे बदलते. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन आणि गुरे राखणाऱ्याला पाच. बाजाराशी ज्याचा संबंध कमी त्याला विचाराला वेळ अधिक, असा हा हिशेब दिसतो, आणि त्यातले शहाणपण मान्य केले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृती तर मालाप्रमाणे परीक्षेची मुदत सांगते. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या सुमारास ‘मिताक्षरा’ टीका लिहिली, आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातील न्यायनिवाडे तिच्या आधाराने होत आले.

येथवर ऐकून आपली छाती अभिमानाने फुगेल. परंतु याज्ञवल्क्याची ती यादी आपण पुरी वाचली पाहिजे. त्याच श्लोकात दासीच्या परीक्षेला एक महिना आणि दासाच्या परीक्षेला अर्धा महिना दिलेला आहे. म्हणजे बियाणे आणि बैल यांच्याच ओळीत माणूसही उभा आहे, आणि तोही खोटा निघाला तर परत करता येतो. घेणाऱ्याच्या हक्काचा विचार पूर्वजांनी केला होता हे खरे. पण घेणारा कोण आणि माल कोण, हे मात्र जन्माने आणि सत्तेने ठरत होते.

आता आपल्या वाघोलीकडे येऊ. आज पुणे-नगर रस्त्यावर ज्या वाघोलीतून मोटारींची रांग हलत नाही, ती एकेकाळी शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांची वाघोली. वाघेश्वराचे देऊळ त्या काळाची साक्ष देत उभे आहे. पेशवाईत पुणे शहराच्या बाजारावर कोतवालाची नजर असे. वजनेमापे खरी आहेत की नाहीत, जिनसांचे दर वाजवी आहेत की नाहीत, हे पाहणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. पण ही देखरेख शहराच्या पेठांतली. खेड्यातल्या माणसाचा जोडा पेठेतल्या दुकानातून येत नसे. तो गावातल्या चांभाराच्या हातचा असे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिले. खेड्यातील बलुतेदारीचे इतके तपशीलवार चित्र त्यापूर्वी मराठीत कोणी काढले नव्हते. बलुतेदार वर्षभर कुणब्याचे काम करी आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने आपला वाटा घेई. चांभाराकडे चामड्याची मोट सांधणे, वहाणा दुरुस्त करणे ही कामे असत. या व्यवस्थेची आठवण काढून काही मंडळी म्हणतात की, पूर्वी पाटी नव्हती, पावती नव्हती आणि तक्रारही नव्हती. वहाण तुटली की चांभार ती मुकाट्याने शिवून देई.

हे म्हणणे अर्धे खरे आहे. करणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत होते. कातडे कोठून आले, कोणी कमावले, टाका कोणी घातला हे गावाला ठाऊक होते. आजच्या खोक्यातल्या जोड्याबद्दल आपल्याला यातले काहीच ठाऊक नसते. पण ‘मुकाट्याने’ या शब्दात उरलेले अर्धे सत्य आहे. चांभाराला नाही म्हणण्याची सोय नव्हती. कातडे हलके मिळाले, पावसात कुजले, कुणब्याने वहाण चिखलात कशीही वापरली, तरी दुरुस्तीची मेहनत त्याचीच. उलट पीक बुडाले की खळ्यावरचे त्याचे माप आधी कमी होई, आणि त्याबद्दल त्याने कोणाकडे दाद मागावी? ज्याने जोडा शिवला त्याला गावात मानाने पाऊल टाकता येत नव्हते, ही गोष्ट तर आपण सारे जाणतोच. तेव्हा गावगाड्यात खोटीचा भार विकणाऱ्यावर होता असे म्हणण्यात अर्थ नाही. तो भार दुबळ्यावर होता, आणि तेथे दुबळा होता कारागीर.

इंग्रजी अमलाबरोबर बाजार बदलला आणि कायदाही बदलला. इंग्लंडच्या जुन्या कायद्याचे एक लॅटिन सूत्र होते. त्याचा मराठीत अर्थ असा की, घेणाऱ्याने सावध असावे. १६०३ सालचा एक खटला या सूत्राचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला. बकऱ्यासारख्या जनावराच्या पोटात सापडणारा आणि विषावर उतारा म्हणून प्रसिद्ध असलेला तो खडा आहे, असे त्याने सांगितले. तो तसला निघाला नाही. न्यायालयाने म्हटले की, सोनाराने नुसते सांगितले होते, हमी दिली नव्हती. घेणारा हरला. जत्रेतल्या बाजारात, जेथे माल समोर पडलेला आहे आणि दोघेही तो हाताळू शकतात, तेथे हे सूत्र कदाचित चालून गेले असेल. पण यंत्रयुगात माल बंद खोक्यात येऊ लागला, त्याची घडण घेणाऱ्याला कळेनाशी झाली, आणि इंग्लंडलाही १८९३ साली माल विक्रीचा कायदा करावा लागला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३० चा मालविक्री अधिनियम आला आणि त्या वर्षी १ जुलैपासून अमलात आला.

या कायद्याचे सोळावे कलम मोठे वाचनीय आहे. ते आरंभी जुनेच सूत्र सांगते आणि मग त्याला अपवाद जोडते. गिऱ्हाइकाने आपली गरज सांगितली असेल आणि दुकानदाराच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या गरजेला उपयोगी पडलाच पाहिजे. तसेच वर्णनावरून घेतलेला माल बाजारात खपण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसण्याजोग्या दोषाची तक्रार त्याला करता येणार नाही. हे वाजवी आहे. जोड्याची शिवण उसवलेली दुकानातच दिसत असेल तर ती पाहून घेणे आपले काम. पण तळ आणि वरचा भाग यांच्यामधला गोंद हलका आहे हे कोणत्या डोळ्याने दिसावे? हल्लीचे बहुतेक तळ शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. त्यातही पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या रसायनाचे तळ असतात. ते दमट हवेत पडून राहिले तर न वापरताही आतून सडतात आणि एके दिवशी चालताचालता त्यांचा भुगा होतो. असा जोडा दुकानात नवा कोराच दिसतो.

कायद्याने इतके दिले, पण पुढे बासष्टावे कलम घातले. दोन्ही पक्षांनी तसे ठरवले असेल, तर कायद्याने गृहीत धरलेल्या या अटी बाजूस सारता येतात, असे ते कलम सांगते. आता कोणते गिऱ्हाईक दुकानदाराशी बसून करार ठरवते? दुकानदाराने पाटी लावली, पावतीखाली बारीक अक्षरांत एक ओळ छापली, आणि गिऱ्हाइकाने ती वाचली असे धरून चालले. भिंतीवरच्या त्या पाटीला बळ मिळाले ते असे. बरे, पाटीला आव्हान द्यायचे म्हटले तर दिवाणी न्यायालयात जावे लागे. मुद्रांक, वकील, तारखा यांचा खर्च पाहता फाटक्या जोड्यासाठी कोण जातो? हक्क पुस्तकात होता आणि तो मागण्याची वाट श्रीमंताच्या दारावरून जात होती.

याच काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत काय चालले होते, ते येथे सांगणे जरूर आहे. मागावर विणताना कापड बिघडले तर मालक ते कापड विणकराच्या गळ्यात मारी आणि त्याची किंमत पगारातून कापून घेई. ते विणकराने बाजारात पडेल त्या भावाने विकावे. सूत हलके होते म्हणून धागा तुटला, की माग जुना होता म्हणून, याची चौकशी नाही. गिरणी कामगारांच्या तक्रारींत दंड आणि कपात ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने कामगारांच्या स्थितीची पाहणी केली, त्याचा अहवाल १९३१ साली आला, आणि त्यातून पुढे १९३६ चा वेतन अदायगी अधिनियम झाला. दंडाला मर्यादा आली. रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक दंड घेता येणार नाही, दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चावी, आणि नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या स्वतःच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, असे ठरले.

श्रोतेहो, या दोन गोष्टी आपण शेजारी ठेवून पाहाव्यात अशी आमची विनंती आहे. गिरणीत माल बिघडला तर तो विणकराच्या माथी. संध्याकाळी तोच विणकर बाजारात गेला आणि त्याला बिघडलेला माल मिळाला, तर तोही त्याच्याच माथी. करताना तोच दोषी आणि घेतानाही तोच फसलेला. कामगार आणि ग्राहक ही दोन निराळी माणसे आहेत असे समजून आपण चर्चा करतो, पण ते एकच माणूस आहे. सकाळी तो कारखान्याच्या फाटकातून आत जातो आणि संध्याकाळी दुकानाच्या दारातून आत जातो, इतकाच काय तो फरक.

ही गोष्ट कामगारांनीच पहिल्याने ओळखली. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली विणकरांनी व इतर कारागिरांनी पै-पैसा जमवून स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच तेथला माल. पण भेसळ नाही आणि मापात पाप नाही. सहकाराच्या चळवळीला त्या दुकानाने पायंडा घालून दिला. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला, तो याच परंपरेतला. आपलेच दुकान असले म्हणजे खोटा माल परत घेण्याचा प्रश्न सोपा होतो, कारण गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आपणच असतो.

परंतु सगळा बाजार सहकारी होणार नव्हता. म्हणून उरलेल्या बाजाराशी संघटित होऊन बोलण्याची गरज होती. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या लाटणे मोर्चांनी बाजारभाव हा केवळ घरातल्या कुरकुरीचा विषय राहू दिला नाही, तो सार्वजनिक प्रश्न केला. आणि १९७४ साली आपल्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेला हा माणूस. परकी सत्ता गेली तरी बाजारात सामान्य माणूस मुकाच आहे, हे त्यांना जाणवले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा माल एकत्र मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, हा तिचा उपक्रम आजही पुष्कळांच्या परिचयाचा आहे.

त्या सुमारास जगातही वारे वाहत होते. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या संसदेला संदेश पाठवून ग्राहकाचे चार हक्क सांगितले. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. १९८५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. आपल्याकडे १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हा शब्द कायद्यात आला, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून २४ डिसेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर, त्याने न्यायाची वाट सामान्य माणसाच्या दारावरून काढली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पायऱ्या. वकील नसला तरी चालेल, तक्रार साध्या कागदावर लिहून दिली तरी चालेल. दोष सिद्ध झाला तर माल दुरुस्त करून द्यावा, बदलून द्यावा, नाहीतर पैसे परत करावेत आणि त्रासाची भरपाई द्यावी, असा हुकूम देता येईल.

तरीही पाटी भिंतीवरच राहिली. १९९९ साली केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून, पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापणे ही अनुचित प्रथा आहे, असे कळवले. दुकानदारांनी ते मनावर घेतले नाही. अखेर २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ही गोष्ट कायद्याच्या कलमातच लिहिली गेली. सदोष माल विकल्यावर तो परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर तीस दिवसांत, माल परत घेतला पाहिजे. पावती न देणे हीदेखील तशीच अनुचित प्रथा ठरली. मनुस्मृतीचे दहा दिवस, कौटिल्याच्या तीन रात्री आणि आजचे तीस दिवस. फरक आकड्याचा नाही. आजच्या मुदतीत घेणाऱ्याची जात किंवा धंदा विचारला जात नाही, आणि मालाच्या यादीत माणूस नाही.

मग प्रश्न सुटला काय? कागदावर सुटला. प्रत्यक्षात काय होते ते आम्ही पाहिलेल्या एका गोष्टीवरून सांगतो. वाघोलीच्या दगडखाणी आपणांस ठाऊक आहेत. पुण्याच्या कित्येक इमारतींची खडी त्या खाणींतून गेली आहे. तेथे राबणारे लोक गाव सोडून पोटासाठी आलेले. त्यांच्यापैकी एकाने नगर रस्त्यावरच्या एका दुकानातून बूट घेतले. बाराव्या दिवशी एका बुटाचा तळ सुटला. खाणीत अणकुचीदार कपच्यांवर पाय टाकायचा असतो, तेथे तळ सुटलेला बूट म्हणजे पायाला जखम आणि जखम म्हणजे मजुरी बुडाली. आम्ही त्याच्याबरोबर दुकानात गेलो. पावती होती. गल्ल्याजवळचा पोरगा विशीतला असेल. आम्ही कायदा सांगू लागलो तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “काका, तुमचं खरं आहे, पण परत घेतला तर माझ्या पगारातनं कापत्यात.”

आम्हांस त्या क्षणी मुंबईच्या गिरणीतला विणकर आठवला. बुटाचा गोंद हलका लावला कोणी? त्या पोराने नव्हे. किंमत ठरवली कोणी, नफा घेतला कोणी? तोही त्याने नव्हे. तरी नुकसान त्याच्या खिशातून. आणि तो दारात उभा राहून जे गिऱ्हाईक परतवतो, तेही त्याच्यासारखेच हातावर पोट असलेले. मालक त्या दोघांच्या भांडणात कोठे दिसतच नाही. आम्ही मालकाला निरोप धाडला, दुसऱ्या दिवशी भेटलो आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, बूट बदलून द्यावा लागेल. दोन, त्या पोराचा पगार कापता येणार नाही. वेतनातून नुकसानीची कपात करायची तर नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, हा १९३६ चा नियम २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. कारखान्यातला दोष ही विक्रेत्या नोकराची हयगय नव्हे. मालकाने कुरकुर केली, पण बूट बदलून दिला. पगारही कापला गेला नाही.

येथे आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा आला. खोटा माल परत घेतला गेला एवढ्याने भागत नाही. त्याची झळ कोठे जाऊन थांबली हे पाहिले पाहिजे. ती घाऊक व्यापाऱ्यामार्फत, ज्याने माल केला आणि ज्याने नफा घेतला त्याच्यापर्यंत पोहोचली तरच पुढचा जोडा चांगला निघेल. नोकराच्या पगारावर थांबली तर कारखान्याला कळणारही नाही की गोंद हलका होता. २०१९ च्या कायद्याने उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात सांगितली आहे ती यासाठीच. दुकानदारालाही आमचे सांगणे असे की, तुमचे भांडण गिऱ्हाइकाशी नाही. तुम्हीही तो माल कोणाकडून तरी विकतच घेतला आहे. तो वर परत पाठवा.

आता गिऱ्हाइकाने काय करावे, हे थोडक्यात. पावती मागून घ्यावी. पाच-दहा रुपये कमी होतात म्हणून पावतीवाचून माल घेऊ नये. खोके काही दिवस जपावे, कारण त्यावर मालाचा महिना व वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो. दोन-तीन वर्षे पडून राहिलेला जोडा असेल तर तो घेण्यापूर्वीच विचार करावा. दोष दिसताच जोडा वापरणे थांबवावे, छायाचित्र काढावे आणि दुकानात जाऊन तक्रार लेखी द्यावी. दुकानाने ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राला कळवावे. पुष्कळ तंटे तेथेच मिटतात. न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तेथे फी नाही. शिवाय नव्या कायद्याने आणखी एक सोय केली आहे. माल कोठूनही घेतलेला असो, आपण जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वाघोलीच्या माणसाने दिल्लीच्या कंपनीकडून टपालाने जोडा मागवला, तरी त्याला दिल्लीला जावे लागत नाही.

लहान रकमेची लाज बाळगू नये. २०१९ साली चंदीगडच्या जिल्हा ग्राहक मंचापुढे एक तक्रार आली. बाटा कंपनीच्या दुकानाने जोड्याबरोबर दिलेल्या कागदी पिशवीचे ३ रुपये लावले, आणि पिशवीवर जाहिरात कंपनीचीच. मंचाने निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने दिला आणि कंपनीला एकंदर ९,००० रुपये भरावयास सांगितले. तीन रुपयांसाठी कोण भांडतो, असे म्हणणारे म्हणोत. पण असे तीन रुपये किती लोकांकडून घेतले जातात याचा हिशेब ज्याने केला, त्याला तो माणूस हेकट वाटणार नाही.

कायद्याची उणीवही लपवू नये. तक्रारीचा निकाल सामान्यतः तीन महिन्यांत, आणि माल तपासणीला पाठवावा लागल्यास पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. आयोगांवरील जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयालाच आपण होऊन लक्ष घालावे लागले. मजुराची एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे न्यायाच्या हिशेबात धरले जात नाही. म्हणूनच एकट्याने जाण्यापेक्षा वस्तीने, सोसायटीने, संघटनेने मिळून जावे. आणि हेही सांगितले पाहिजे की, हक्क सदोष मालापुरता आहे. लग्नात मिरवून दुसऱ्या दिवशी जोडा परत नेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ते खऱ्या तक्रारीची पत घालवतात, आणि त्यांच्या लबाडीचा दंडही शेवटी गल्ल्याजवळच्या पोरालाच भरावा लागतो.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेली. आज तेथे उंच इमारती आहेत, झगझगीत दुकाने आहेत आणि त्यांच्या पलीकडे खाणीही आहेत. तिन्ही ठिकाणची माणसे त्याच रस्त्यावरून चालतात आणि जोडे घेतात. त्यांनी आपल्या वस्तीत निदान एवढे करावे. ज्या दुकानात ती जुनी पाटी अजून लटकते आहे तेथे जाऊन, आवाज न चढवता, ती उतरवण्यास सांगावे. आणि माल परत देताना समोरच्या नोकराला एक प्रश्न अवश्य विचारावा, “यात तुझा पगार तर कापला जात नाही ना?” तो ‘कापतात’ म्हणाला, तर मालकाशी बोलल्याशिवाय तेथून हलू नये.